हाऊसफुल्लच होतो ना, मग जाहिरात कशाला?

शेवटची रांग

मंडळी, धागा काढायला कारण झालंय ते रडगाणंच आहे, ते आधी उरकून घेते.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटावर गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं. दरवर्षी होणारा, भरपूर नावाजलेला कार्यक्रम. गायकांचे फोटो, लाल पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, 'येत्या रविवारी सायं. ६ वाजता', आणि त्याखाली 'स्थळ : नेहमीचेच'. पाच वर्षं मी जाईन जाईन म्हणत होते. 'नेहमीचे' म्हणजे कुठलं हे तिघांना विचारून काढलं, आईला घेतलं आणि साडेपाचला पोचलो. फाटकाला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "ताई, हे पोस्टर गेल्या वर्षीचं आहे. यंदाचा गुरुवारीच झाला. तुमच्याआधी सात-आठ जण येऊन परत गेले."

घरी येऊन नेटवर धुंडाळलं. यंदाच्या कार्यक्रमाबद्दल एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे नंतर टाकलेले फोटो. वर मथळा : 'तुडुंब गर्दीत संपन्न!'

आयोजकांना मेसेज केला. उत्तर अगदी नम्र होतं : "आम्हाला जाहिरातीची गरजच पडत नाही, दोन दिवसांत तिकिटं संपतात."

हे वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. मला तर उलट वाटतं, की गाजलेल्या कार्यक्रमालाच नेटवरची जाहिरात नीट करावी लागते. ज्याचं सभागृह रिकामं राहतं त्याला निदान कळतं की कुठेतरी गाडी अडलीये. ज्याचं भरतं त्याला बाहेर कोण राहिलं हे कधी कळतच नाही. तुमचं काय मत?

उंटावरून

तुमच्या आईंना हेलपाटा पडला, वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही. खुर्च्या आठशे. आठशे भरल्या. आता आणखी दोन हजार लोकांना कळवून करायचं काय? दारात उभं करून परत पाठवायचं? घडा भरलाय, आता वरून ओतलेलं सांडणारच.

शेवटची रांग

आठशे भरतात, पण तेच आठशे भरतात हो. फोटोत बघा. पहिल्या रांगेतले चेहरे दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही तेच आहेत, फक्त केस पांढरे झालेत. 'स्थळ : नेहमीचेच' ही ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठी केलेली जाहिरात. नवीन माणसाने काय करायचं?

जोडाक्षर

अवांतर : 'संपन्न' या शब्दावर आधी बंदी आणा. माणूस संपन्न असतो, कार्यक्रम पार पडतो.

पडद्यामागे

मी यातल्या गुन्हेगार पक्षाचा. बारा-तेरा वर्षं एका वार्षिक महोत्सवाचं काम बघतोय (नाव देत नाही, जाहिरात समजून संपादक धागा उडवतील). पोस्टर कसं जन्माला येतं ते सांगतो, म्हणजे 'येत्या रविवारी' कुठून येतं ते कळेल.

कलाकारांच्या तारखा पक्क्या व्हायला उशीर होतो, म्हणून पोस्टर शेवटपर्यंत अडून राहतं. मग एका रात्री सगळं एकदम ठरतं. डिझायनर मुलगा बिचारा फुकटात करून देतो, गेल्या वर्षीची फाइल उघडतो, फोटो बदलतो. तेवढ्यात प्रायोजकांचे लोगो येतात. प्रत्येकाला आपला लोगो मोठा हवा. नऊ लोगो बसवायचे म्हणजे जागा कुठून तरी काढायलाच हवी. कशाची निघते? पत्त्याच्या दोन ओळींची. साल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण समितीतल्या सगळ्यांना हे कोणतं वर्ष आहे ते माहीत असतं!

रात्री दीड वाजता चित्र गटावर पडतं, सकाळी अध्यक्ष अंगठा दाखवतात, झाली जाहिरात. वेबसाइट आहे आमची, पण तिचा पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो नोकरीसाठी परदेशी गेला. साइटवर अजून तीन वर्षांपूर्वीचे कलाकार हसतायत.

आणि होय, तिकिटं संपतात. त्यामुळे यातलं काही चुकीचं आहे असं कुणाला वाटतच नाही.

खिडकीजवळ

तीन वर्षांपूर्वीचे कलाकार हसतायत +१

अर्धविराम

माझा धंदा वेबसाइट बांधण्याचा, म्हणून जरा लांब लिहिते. कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

सर्वांत आधी : प्रत्येक वार्षिक कार्यक्रमाचं एक कायमचं पान हवं. दरवर्षी नवं नको. पत्ता तोच ठेवायचा आणि आतला मजकूर यंदाचा करायचा. जुनी वर्षं हवीत तर खाली 'आधीचे कार्यक्रम' म्हणून जाऊ द्या. हा पत्ता आणि त्याचा क्यूआर कोड प्रत्येक पोस्टरवर टाकला, तर शेवटची रांग यांच्या हातात गेल्या वर्षीचं पोस्टर पडूनही कोड स्कॅन केल्यावर यंदाची तारीख दिसली असती. पोस्टर एकदा फॉरवर्ड झालं की परत बोलावता येत नाही. पान मात्र कधीही दुरुस्त करता येतं.

क्यूआरमध्ये एक खोच आहे. काही फुकट सेवा कोडमध्ये तुमचा पत्ता न घालता स्वतःचा पत्ता घालतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. फुकट मुदत संपली की कोड मरतो, आणि पोस्टरं तर छापून झालेली असतात. म्हणून कोडमध्ये थेट आपल्याच पानाचा पत्ता भरा. हे कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढले होते. तो साधा चौकोनी कोड कधी मुदतबाह्य होत नाही, मुदत असते ती मधल्या दलालाला.

दुसरं, शोधयंत्राला कार्यक्रम कार्यक्रम म्हणून कळायला हवा. चित्रातली अक्षरं यंत्रं आता ओळखतात हे खरं, पण लालवर सोनेरी, वळणदार, त्यात गायकाच्या खांद्याआड अर्धं गेलेलं 'सायं.' त्यांना वाचता येईल या भरवशावर बसू नका. स्कीमा डॉट ऑर्ग नावाची एक सामाईक शब्दावली आहे, गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केलेली. तिच्यात कार्यक्रमासाठी ठरलेले रकाने आहेत : नाव, सुरू होण्याची तारीख-वेळ, स्थळ, तिकिटं कुठे, आणि स्थिती. पानाच्या आत हे रकाने भरले की शोधयंत्राला अंदाज करावा लागत नाही.

स्थितीचा रकाना मला सगळ्यांत आवडतो. ठरल्याप्रमाणे, पुढे ढकलला, नवी तारीख पडली, रद्द. 'ऑनलाइन हलवला' ही स्थिती २०२० च्या मार्चमध्ये वाढवली गेली, कारण सांगायला नको. कार्यक्रम पुढे ढकलला आणि नवी तारीख ठरलेली नसेल तर जुनी तारीख तशीच ठेवून स्थिती तेवढी बदलायची, असा गूगलचा सल्ला आहे. आपण काय करतो? पानच काढून टाकतो. ज्याने तिकीट घेतलंय तो बिचारा कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

तिसरं छोटंसं. लिंक पाठवल्यावर गटावर जो चौकोन उमटतो, चित्र आणि मथळ्याचा, तो कुठून येतो? फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफ नावाच्या खुणांवरून. त्या भरल्या नाहीत तर चौकोन येतच नाही, किंवा त्यात भलतंच काहीतरी येतं. एकदा एका व्याख्यानमालेच्या लिंकखाली प्रायोजकाच्या पंख्याचा फोटो येत होता. लोकांना वाटलं पंख्यांची विक्री आहे.

उंटावरून

पंखा! :)

पण ताई, हे सगळं एवढं करून आठशे खुर्च्यांच्या हजार होणार आहेत का? नोव्हेंबर २०२२ आठवा. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्यासाठी ३५ लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केली, तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीची यंत्रणा कोलमडली, खुली विक्री रद्द करावी लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणीला गेलं. जाहिरात कमी पडली म्हणून झालं का हे? लोकांना फार कळलं म्हणून झालं.

अर्धविराम

लोकांना कळलं म्हणून नाही, लोक येणार हे विकणाऱ्याला आधी कळूनही झालं. नोंदणीचा आकडा हातात होताच.

तुमच्या घड्याचं उत्तर वेगळं आहे. पानावर 'तिकिटं संपली' एवढंच लिहून थांबू नका, खाली 'पुन्हा झाला तर मला कळवा' म्हणून एक रकाना ठेवा. त्यात चाळीस नावं आली तर उंटावरून यांचं बरोबर. सातशे आली तर दुसरा प्रयोग लावा. बाहेर किती जण उभे आहेत हे मोजल्याशिवाय ठरवणार कसं?

पडद्यामागे

हे आमच्या समितीत कधीच कुणी बोललं नाही. आम्ही दर वर्षी 'मोठं सभागृह घ्यायचं का' यावर दोन तास भांडतो, आणि दोन्ही बाजूंकडे एकही आकडा नसतो.

कानसेन

इतके दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. वाचतोय म्हणजे ऐकतोय, मला दिसत नाही. फोनवरचा स्क्रीन रीडर सगळं वाचून दाखवतो.

मी गाण्यांना भरपूर जातो. आता कार्यक्रमाचं पोस्टर माझ्यापर्यंत कसं पोचतं ते ऐका. गटावर काहीतरी येतं. फोन सांगतो : "फोटो." बस. कधी त्याची स्वतःची हुशारी चालते, मग म्हणतो, "चार व्यक्ती, हसताना, बहुधा मजकूर." कोण चौघे, का हसतायत, कधी हसणार आहेत, काही पत्ता नाही. खाली चौतीस जणांचे नमस्कार आणि फुलं येतात, ती मात्र फोन एकेक करून वाचतो. "जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात." मग मी गटावर विचारतो, "यात काय लिहिलंय?" आणि कुणीतरी दयाळूपणे तेच पोस्टर मला पुन्हा पाठवतं.

कार्यक्रम कानांचा आणि जाहिरात फक्त डोळ्यांची. चित्रासोबत तीन ओळी मजकूर टाकला तर माझं काम झालं. त्या टाइप करायला दोन मिनिटं लागतात.

त्यातही एक सांगतो. काही जण मजकूर देतात तो डिझायनरच्या फाइलमधून उचलून, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला. तो चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची खिचडी होते. तुम्हाला ती दिसते तरी, मला ती ऐकावी लागते.

शेवटची रांग

कानसेन, 'जोडलेले हात'ला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. त्या चौतीस जणांत मी असते.

निवांत

वय ७४, तरीही इथे रोज येतो, म्हणून 'ज्येष्ठांना नेट जमत नाही' हा मुद्दा माझ्या नावावर कुणी मांडू नये.

मी छापखान्यात नोकरी केली. आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेचा एक नियम होता : वार, तारीख, महिना, साल, चारही हवेत. गिऱ्हाईक म्हणायचं, कशाला एवढं? अहो, तारीख चुकली तर वार चुगली करतो, वार चुकला तर तारीख करते. दोन्ही जुळले तर साल बहुतेक बरोबर असतं. नुसतं 'रविवारी' लिहिलं तर चुगली करायला कुणी उरतच नाही.

'येत्या', 'उद्या', 'आज' हे शब्द नेटवर लिहूच नयेत. ज्याने लिहिलं त्याचा 'आज' वाचणाऱ्याचा 'आज' नसतो.

खिडकीजवळ

हे अगदी खरं. इन्स्टाग्रामने २०१६ पासून पोस्टचा काळक्रम मोडला, नवं-जुनं आपल्या मर्जीने वरखाली दाखवतात. मला 'आज संध्याकाळी नक्की या!' नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं, चहाबरोबर. बरं, पोस्टखाली लिहिलेल्या लिंकवर बोट ठेवून उपयोग नाही, ती उघडतच नाही. स्टोरीत टाकावं तर २४ तासांत गायब. जिथे लोक असतात तिथे टाकायला हवंच, पण माहितीचं घर तिथे बांधू नये.

उंटावरून

बरं, एक वेगळा दगड टाकतो. २०१७ चा फायर फेस्टिव्हल नावाचा संगीत महोत्सव. नेटवरच्या जाहिरातीचा असा नमुना पुन्हा होणे नाही. बड्या मॉडेल्सनी एकाच दिवशी नुसता केशरी चौकोन टाकला आणि तिकिटांवर उड्या पडल्या. बहामात लोक उतरले तर आपत्तीत वापरायचे तंबू आणि ओल्या गाद्या. आयोजकाला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि २०२४ च्या फेब्रुवारीतलं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं प्रकरण, चॉकलेटच्या गोष्टीवर बेतलेल्या मुलांच्या कार्यक्रमाचं. एआयने काढलेली मायावी चित्रं बघून आईबाप पोरांना घेऊन गेले, तर अर्ध्या रिकाम्या गोदामात चार पडदे लावलेले. पोलीस आले, त्याच दिवशी बंद झालं. तेव्हा 'नेटवर जाहिरात करा' म्हणताना जरा जपून.

अर्धविराम

आता तुम्ही आमच्या बाजूने बोलायला लागलात. केशरी चौकोनात माहिती किती होती? शून्य. ग्लासगोच्या चित्रांवर तर शब्दही धड नव्हते, स्पेलिंगची पार वाट लागलेली. दोन्हीकडे मोह होता, मजकूर नव्हता. आपण इथे मोह वाढवायचं बोलतच नाही आहोत. लोकप्रिय कार्यक्रमाकडे मोह फुकटात असतो. त्याच्याकडे नसते ती माहिती.

उलट उदाहरण हवं तर इंग्लंडमधला ग्लास्टनबरी संगीत महोत्सव घ्या. तिथली बरीचशी तिकिटं कलाकारांची यादी जाहीर होण्याआधीच जातात, हल्ली तर तासाभराच्या आत. जाहिरातीची गरज कुणाला कमी असेल तर त्यांना. तरी कधी विक्री, आधी नोंदणी कशी करायची, तिकिटावर तुमचा फोटो का, दुसऱ्याला विकता का येत नाही, सगळं त्यांच्या साइटवर आधीपासून लिहिलेलं असतं.

खिडकीजवळ

आणि आयोजकांनी नाही लिहिलं तर दुसरा कुणीतरी लिहितो. हे माझ्यावर बेतलंय. एका नावाजलेल्या नाट्यप्रयोगाचं अधिकृत पान सापडेना, तर एक 'पान' सापडलं. फोटो तेच, नाव जवळपास तेच, 'शेवटची काही तिकिटं, मेसेज करा'. पैसे पाठवले. आलेलं तिकीटही सुरेख होतं, त्यावर आसन क्रमांकसुद्धा. दारावर तोच क्रमांक घेऊन आणखी दोघे उभे होते. तिघांची छान ओळख झाली, नाटक मात्र कुणालाच बघायला मिळालं नाही.

पडत्या कार्यक्रमाची खोटी तिकिटं कुणी छापत नाही हो. 'तिकिटं फक्त इथेच, आमचे दुसरे कुणी विक्रेते नाहीत' एवढी एक ओळ एका ठरावीक जागी असती तर मी तिथे जाऊन ताडून पाहिलं असतं.

उंटावरून

हा मुद्दा मान्य. घडा मागे घेतो.

जोडाक्षर

धाग्याच्या इतिहासात नोंद व्हावी. उंटावरून उतरले.

कानसेन

एक राहिलंच. जिने आहेत का, व्हीलचेअर आत जाते का, शेवटची बस सुटायच्या आत संपतं का. हे गर्दीच्या कार्यक्रमात जास्त नडतं, कारण आयत्या वेळी विचारायला कुणी मोकळं सापडत नाही. आणि ऑनलाइन दाखवणार असाल तर 'सायं. ७' कुठल्या देशातले ते लिहा. माझी बहीण एकदा पहाटे तीनचा गजर लावून उठली आणि कार्यक्रम आदल्याच दिवशी होऊन गेला होता.

अर्धविराम

त्याला सोपा उपाय आहे. पानावर 'कॅलेंडरमध्ये टाका' असं बटण द्या. मागे आय-कॅलेंडर नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिचं प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, २००९ मध्ये सुधारलं. झाडून सगळ्या कॅलेंडरांना ती कळते. वेळ पाठवताना सोबत कालक्षेत्रही जातं, मग बहिणीच्या फोनवर तिची स्वतःची वेळ उमटते.

पडद्यामागे

मंडळी, काल समितीत हा धागा वाचून दाखवला. अध्यक्ष 'स्थळ : नेहमीचेच'ला हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्याही पत्रिकेवर तेच आहे. पासवर्डवाल्या मुलाला शोधून काढला, त्याने पाच मिनिटांत दिला. तीन वर्षं कुणी मागितलाच नव्हता म्हणे.

पान केलंय. पोस्टरवर त्याचा पत्ता आणि साधा कोड टाकून काल रात्रीच छपाईला पाठवलं. चित्रासोबत जाणारा मजकूर खाली देतोय. फाडा.

'रविवार, २१ फेब्रुवारी २०२६. सायंकाळी ६ ते रात्री ९, मध्यंतर १५ मिनिटे. दारे ५ वाजून १५ मिनिटांनी उघडतील. सभागृहाचे पूर्ण नाव, पत्ता आणि नकाशा पानावर. डाव्या दाराला उतार आहे, व्हीलचेअर आत जाते. तिकिटे फक्त आमच्या पानावर; दुसरे कोणीही विक्रेते नाहीत. तिकिटे संपल्यास पानावर नाव नोंदवा. चौकशीसाठी फोन दुपारी ४ ते ७.'

कानसेन

फोनने एका दमात वाचलं. पहिल्यांदाच कुणाला न विचारता कळलं.

शेवटची रांग

मध्यंतर लिहिलंत! आईसाठी हे फार महत्त्वाचं असतं.

निवांत

पडद्यामागे, २१ फेब्रुवारी २०२६ ला शनिवार येतो.

पडद्यामागे

थांबा. सभागृहाची पावती बघतो.

पडद्यामागे

पावतीवर २१, शनिवार. म्हणजे वार चुकलाय. पोस्टरवरही रविवारच आहे.

अर्धविराम

आधी पान दुरुस्त करा. वरती ठळक लिहा, 'पोस्टरवरील वार चुकला आहे, कार्यक्रम शनिवारी'. कोड स्कॅन करणाऱ्याला निदान ते दिसेल. मग छपाई थांबवा.

पडद्यामागे

पान केलं. छापखान्याला कळवलं, चारशे प्रती निघाल्यात, बाकीच्या थांबवल्या. डिझायनरला फोन लावतोय, उचलत नाहीये.